दाराजवळची प्लास्टिकची खुर्ची

रेखाताई गेली आणि आज तिचा फोटो चर्चमध्ये सगळ्यात पुढे ठेवला. हार घालून.
जिवंत होती तेव्हा शेवटचा बाकसुद्धा दिला नाही यांनी तिला.

आमचं माझगावचं छोटं मराठी चर्च. डावीकडे पुरुष, उजवीकडे बायका, जुनी पद्धत.
रेखाताई तृतीयपंथी. वरळीहून यायची, कडक इस्त्रीची कॉटनची साडी नेसून.

पहिल्याच रविवारी आमच्या सेक्रेटरीकाकांनी अडवलं. "तुम्ही नक्की कुठल्या बाजूला बसणार?"
"जिथे पंखा चालतो तिथे बसवा, साहेब."

काकांनी दाराजवळ प्लास्टिकची खुर्ची टाकली. टेम्पररी म्हणे. ती शेवटपर्यंत तिथेच बसली.

आणि त्याच दारावर काय रंगवलंय? यशया संदेष्ट्याचं भविष्य. देवाचं घर सगळ्या लोकांचं प्रार्थनाघर होईल, असं. दर नाताळला त्यावर ऑइलपेंटचा नवा हात मारतात.

एकदा मी तिला त्याच्या आधीचा भाग वाचून दाखवला. परक्याने किंवा षंढाने देव मला वेगळं काढेल असं म्हणू नये. त्यांनाही देवाच्या घरात जागा आहे, मुलामुलींपेक्षा मोठं नाव आहे, आनंद आहे.

ती खो खो हसली. "म्हणजे माझं रिझर्व्हेशन कन्फर्म होतं की गं! मग ही खुर्ची कशाला?"

मी काकांना विचारलं.
"त्याचा अर्थ आध्यात्मिक घ्यायचा असतो," म्हणाले.
अजून आठवलं की डोकं फिरतं माझं.

भजनाला ती टाळी वाजवायची. तिची टाळी म्हणजे अख्खं चर्च वळून बघणार. काका लगेच हजर. "टाळी नको, लोक डिस्टर्ब होतात."
"सिग्नलवर ही टाळी ऐकून लोक काच वर करतात, साहेब. इथे तरी देवासाठी वाजवू द्या."
नाही वाजवू दिली. मग ती मांडीवर बोटांनी ताल धरायची.

आज तेच काका माइकवर. "रेखाताई आमच्या कुटुंबातल्याच होत्या."
उठून ओरडावंसं वाटत होतं मला.

तेवढ्यात तिच्या मैत्रिणी आल्या. दारातच घुटमळल्या. काका खुर्च्या आणायला धावले.

आईचे गुडघे दुखतात, तरी ती उभी राहिली. "अहो, राहू द्या त्या खुर्च्या. पोरींनो, इकडे या. आम्ही सरकतो."
सरकल्या सगळ्या. कुरकुरत, पण सरकल्या.
एवढंच करायचं होतं हो इतकी वर्षं. एवढंच!

भजन सुरू झालं आणि त्यांनी टाळी धरली. काका हातात खुर्ची घेऊन बघत उभे.

जा रेखाताई, सुखाने जा.
तिथे कोणी खुर्ची पुढे केली तर घेऊ नकोस. बाकावर बस.