साडूंचं धुराडं

आगीला भिणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण देवापुढच्या निरांजनावरही पाळत ठेवणारा माणूस अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात एकच असेल, आणि तो नेमका माझा साडू निघावा, याला काय म्हणायचं? पोफळीच्या वीजघरात सुरक्षेची देखरेख करण्यात त्यांची हयात गेली. निवृत्त झाले, पण देखरेख काही सुटली नाही. वीजघराच्या जागी आता आमचं घर आलं, इतकंच. पाहुणे म्हणून दारात आले की आधी नाक वर करून वास घेणार, मग गॅसची नळी वाकवून बघणार, मग चहा. लग्नाला गेले तर नवरीच्या आधी मांडवातल्या वायरी बघतात. शिमग्याचा होम पेटला की सारं गाव बोंब मारतं आणि हे एकटे पाण्याच्या बादल्या घेऊन उभे! "हसा तुम्ही," म्हणतात, "ठिणगी काय सणवार बघून उडते?"

माझी थोरली मेव्हणी, म्हणजे यांची बायको, वारली तेव्हा आम्हाला वाटलं, आता यांचं येणं-जाणं कमी होईल. बायकोमागे सासुरवाडी कोण धरून ठेवतं? कुठचं काय! सासूबाई आमच्याकडे राहतात, त्यामुळे यांची सासुरवाडी म्हणजे आमचंच घर. पूर्वी सणासुदीला यायचे ते वेळी-अवेळी उगवायला लागले, आणि दर खेपेला घरात एखादा नवा धोका शोधून काढायला लागले.

यंदाच्या पावसाळ्यात तर त्यांनी कहर केला. सासूबाईंना सकाळी पेज लागते, आणि ती चुलीवरचीच. गॅसवरच्या पेजेला त्या "आजाऱ्याचं पाणी" म्हणतात. पण धुरानं त्यांचा खोकला इतका वाढला की मुंबईच्या मेव्हण्यानं फोनवर निर्वाणीचं सांगितलं, "गणपतीला येतोय. तोवर धूर थांबला नाही, तर आईला इकडे घेऊन येणार." सासूबाईंनी त्या दिवशी पेज नुसती ढवळली, खाल्ली नाही. मुंबईच्या अकराव्या मजल्यावर त्यांचा जीव रमणार नव्हता. त्यांना जायचं नव्हतं आणि आम्हालाही त्यांना पाठवायचं नव्हतं.

म्हणून मी वेल्डरकडून दाराची लोखंडी चूल आणि तिला पाईप करून आणला. आता पाईप छपरातून काढायचा म्हणजे कौलं काढायची, आणि भर पावसात कौलाला हात लावायचा नाही, ही सासूबाईंची आज्ञा. कोकणात हे कोणालाही पटेल! गवंड्यानं पाईप आडवा करून भिंतीतून बाहेर काढला आणि वळचणीखाली सोडून दिला. पावसाची झड अडवायला तिथं आम्ही नारळाच्या चुडतांची झापं बांधतो. पाईपाला आयता आडोसा झाला, असं गवंडी म्हणाला.

दुसऱ्याच सकाळी साडू हजर. बाहेरून पाईप पाहिला, झापं पाहिली, आणि तडक आत येऊन पाण्याची बादली जळत्या चुलीत रिकामी केली. वरच्या पेजेत राख! पेटती चूल पाणी ओतून विझवणं म्हणजे केवढा अपशकुन, हे कुठल्याही म्हातारीला विचारा. लाकडं मागे ओढतात हो, पाणी नाही ओतत! सासूबाई जावयाला बोलणार कशा? पदर डोळ्याला लावून आत गेल्या. मी मात्र तडकलो.

"अक्कल गहाण ठेवलीत का? अन्नावर पाणी ओतलंत!"

"थोडा वेळ गेला असता तर घरावर ओतावं लागलं असतं," ते म्हणाले. "झापं बाहेरून भिजलीत. आतून हात लावून बघा."

लावला. आतून चुडतं कोरडी ठणठणीत, आणि पाईपासमोरचा पट्टा करपून काळा पडलेला. तरी माझा राग उतरला नाही. माणूस बरोबर असला म्हणून त्यानं असं वागायचं?

मग भर श्रावणात, धो धो पावसात, हे गृहस्थ स्वतः छपरावर चढले. काढलेल्या कौलांतून पाणी आत येत होतं, म्हणून खाली मी गॅसवरच्या कुकरवर छत्री धरून उभा. वरून हुकूम सुटत होते: पाईप सरळच गेला पाहिजे, "धूर म्हणजे काय रिक्षा आहे, गल्लीबोळातून वळायला?" लाकडी वाशांपासून लांब, मध्ये पत्र्याचं दुहेरी कडं, आढ्याच्या वर दोन हात, त्यावर टोपी. चुलीखाली दगडी चिरे. खिडकी कायम उघडी, कारण विषारी वायूला वास नसतो. माझ्या बायकोनं हौसेनं लावलेला पडदाही काढायला लावला!

"जावईबापू, उतरा हो, कौलं निसरडी झालीत," सासूबाई खालून कळवळल्या.

"आई, तुम्हाला मुंबईला जायचंय?"

"नाही हो."

"मग पडू दे पाऊस."

गणपतीच्या आदल्या दिवशी मेव्हणा आला. चूल पेटली. साडूंनी चुलीच्या दाराशी उदबत्ती धरली. तिचा धूर सुळकन आत ओढला गेला. मेव्हणा समोर पाट घेऊन पेज होईपर्यंत बसला, डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही. जेवताना सासूबाई एकदा खोकल्या तेव्हा आम्ही सगळ्यांनी मेव्हण्याकडे पाहिलं, पण तो लोणच्याच्या खाराचा ठसका होता. मेव्हणा म्हणाला, "आई, राहा बाई तू इथंच."

घरात आनंदीआनंद, आणि हे महाशय कोपऱ्यात पिशवी भरतायत! "आता काही धोका उरला नाही," म्हणाले. "उगाच कशाला येत राहायचं?" जाता जाता सवयीनं नाक वर केलं, सगळीकडे फिरवलं, काहीच सापडलं नाही. तेव्हा त्यांचा चेहरा इतका उतरला की मला भडभडून आलं.

सासूबाईंनी त्यांच्यापुढे पेजेचा वाडगा ठेवला. "बसा आधी. त्या नळकांड्यात काजळी धरते ना हो?"

"धरते तर! तीच पेट घेते. काढावीच लागते."

"कितीदा?"

वर्षातून दोनदा काढली की पुरतं, हे त्यांनीच मला छपरावरून ओरडून सांगितलं होतं. त्यांनी वाडग्यात बघत पेज ढवळली.

"दर रविवारी," ते म्हणाले.

मी तोंड उघडलं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"सकाळीच या," मी म्हटलं. "पेज गरम असते."