पिंडासमोर दिलेला शब्द

निवृत्तीनंतर डॉक्टरांनी मला बजावलं आहे, चिडायचं नाही. सकाळची गोळी घेतो, फिरून येतो, टीव्हीवरच्या बातम्या बघत नाही. पण शेवगावातलं ते प्रकरण आठवलं की कसली गोळी आणि कसलं काय! आजही डोकं तापतं. नाव कुणाचंच घेणार नाही. ज्यांनी ओळखायचं ते ओळखतील, आणि त्यांनी ओळखावंच.

मी तेव्हा तिथे ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी झाली, बीट वाटून झाले आणि आमचे एक जुने हवालदार टेबलापाशी रेंगाळले. हे हवालदार रेंगाळले की काहीतरी खबर असायची.

"साहेब, तुमी त्या मॅनेजरला वळखता ना? गुंतवणूक सल्ला केंद्रवाले?"

ओळखत होतो. एका पतसंस्थेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालेला माणूस. पांढरा सदरा, गोड बोलणं. सगळं गाव त्याला 'मॅनेजर' म्हणायचं.

"त्यांचं काय?"

"हा माणूस लग्नाला कधी दिसत न्हाई. पन दहावा एक चुकवत न्हाई. आन् दहावा झाला की चार-आठ दिवसांत त्याची गाडी त्याच घरापुढं उभी."

आमच्याकडे दहाव्याला पाचपन्नास गावचे लोक जमतात. नदीकाठी मांडव पडतो, प्रवचन होतं, मग माईकवर श्रद्धांजलीची भाषणं. मयताने काय कमावलं, मागे कोण आहे, विमा होता का, खात्याकडून काय मिळणार, सगळं तिथे मांडवात चघळलं जातं. ज्याला कान आहेत त्याला दुसरी कुठली चौकशी करावी लागत नाही.

हवालदारांनी पुढे सांगितलं. ज्या घरांत मॅनेजर गेला, त्या घरांतले पैसे एका खाजगी वित्त कंपनीच्या बाँडमध्ये गेले होते, म्हणजे कर्जरोख्यांत. कंपनी ट्रॅक्टर, टेम्पो, दुकानं यांना कर्ज द्यायची. वाटलेली कर्जं थकली, बँकांनी तिला उसनं द्यायचं बंद केलं, पत ठरवणाऱ्यांनी तिला खालच्या पायरीवर नेऊन बसवलं. आणि तेव्हाच तिच्या रोख्यांवर बँकेतल्या ठेवीच्या जवळपास दुप्पट व्याज दिसायला लागलं. अहो, ज्याला ओळखीचे दारात उभं करत नाहीत, तोच अनोळखी माणसाला वाट्टेल ते व्याज कबूल करतो! एवढं साधं आहे ते. आता कंपनीने व्याज थांबवलं होतं आणि नगरच्या ऑफिसला कुलूप होतं.

"तक्रार कुणाची आहे?" मी विचारलं.

"तीच तर गोम हाय, साहेब. कुनीच देईना. वायरमनची बायको तर मलाच रागावली."

वायरमन खांबावर शॉक लागून गेला होता. खात्याकडून भरपाई मिळाली होती. दोन मुली शेवगावात शाळेत, दोन खोल्या भाड्याच्या, आणि बाई ब्लाऊज शिवायची. भरपाईच्या व्याजात भाडं आणि मुलींची फी, शिवणात घरखर्च, असा तिचा हिशेब. गावी दीर होता. नवरा गेल्यापासून तो तिला 'गावाकडं चल' म्हणत होता आणि ती नाही म्हणत होती. नाही म्हणायची ताकद त्या पैशात होती.

आम्ही गेलो तेव्हा दीरही तिथे बसलेला. आम्हाला बघून तो उठला, पण आवाज खाली आला नाही. "बरं झालं साहेब आले. सांगा हिला. पैसे घातले पान्यात, आता भाडं कोन भरनार? बाजारच्या दिवशी टेम्पो आनतो म्हनलं. घरी कांदा काढायला मानूस न्हाई, पोरी बी हातभार लावतील."

पोरी बी हातभार लावतील! एक दहावीला, एक आठवीला. मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो बाहेर जाऊन उभा राहिला.

मी बाईला म्हणालो, "ताई, मॅनेजरविरुद्ध फिर्याद द्या. बाकी आम्ही बघतो."

"न्हाई साहेब. ते तसले न्हाईत. कंपनी बुडाली, त्याला ते तरी काय करतील?"

"तुम्ही पैसे दिले कशाच्या भरवशावर?"

तिने मशीनचा पट्टा उतरवला, पुन्हा चढवला. मग जे सांगितलं ते मी जन्मात विसरणार नाही.

दहाव्याला पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. ऊन चढलं. भावाने शब्द दिला, मेहुण्यांनी दिला, पोरींनी हात जोडले. कावळे समोर बाभळीवर बसलेले, खाली एक उतरेना. लोक कुजबुजायला लागले, जीव कशात तरी अडकलाय. तेव्हा गर्दीतून मॅनेजर पुढे आला. चपला काढल्या, पिंडासमोर हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "वायरमन, काळजी करू नका. वहिनींच्या पैशाला मी आहे. पोरींना कुणापुढं हात पसरावा लागणार नाही."

"आन् कावळा उतरला, साहेब," ती म्हणाली. "लगीच उतरला. आता मी त्यांना खोटं म्हनले, तर मग आमच्या मालकांचं काय? ते खोट्या शब्दावर गेले म्हनू का?"

आम्ही उठून आलो. जीपमध्ये बसल्यावर मात्र मी इतका भडकलो की ड्रायव्हरने विनाकारण दोन शिव्या खाल्ल्या. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे ऐकले होते. हा तर पिंडासमोर हात जोडून खात होता!

फिर्याद नसली तरी चौकशीला बोलावता येतं. मॅनेजर वेळेवर आला, सर्वांना नमस्कार केला, ठाणे अंमलदाराच्या आईच्या तब्येतीची चौकशी केली. मी बसायला सांगितलं.

"साहेब, बाजारातली जोखीम असते. मी कागदावर सगळं समजावून दिलं होतं. सह्या आहेत."

"आणि पैसे?"

"माझ्या केंद्राच्या खात्यातून पुढे कंपनीला. आणि साहेब, मीही बुडालोच की. माझेही अडकलेत त्यात."

"किती?"

"बरेच."

"कुणाच्या नावावर?"

"मिसेसच्या."

कायद्याने पाहिलं तर त्याचं म्हणणं बिनतोड होतं. सल्ला चुकला, सल्ला देणाराही बुडाला, म्हणजे दिवाणी बाब. हात झटकायला आमच्या खात्याचा आवडता शब्द. पण तो बोलत असताना मला काहीतरी खटकत होतं. पतसंस्था बुडाल्यावर आलेले ठेवीदार मी नोकरीत पुष्कळ पाहिलेत. बुडालेला माणूस आधी शिव्या देतो. चेअरमनच्या सात पिढ्या उद्धरतो, टेबलावर हात आपटतो, मग रडतो. या माणसाने तासाभरात कंपनीला एक वाकडा शब्द काढला नाही. उलट मलाच समजावलं, "होतं असं साहेब, काळच वाईट आहे." ज्याचे स्वतःचे गेले तो असं बोलतच नाही.

"मिसेसच्या रोख्यांचा उतारा घेऊन या उद्या," मी म्हणालो.

पहिल्यांदाच त्याने पाणी मागितलं. "मिसेसची तब्येत बरी नसते, साहेब. तिला यात ओढू नका."

मग काय, दुसऱ्या दिवशी मी महिला शिपाई बरोबर घेऊन थेट त्याच्या घरी. तो बाहेर गेला होता, कुठे ते सांगायला नको. बाई मेथी निवडत होत्या. तब्येत ठणठणीत. निवृत्त शिक्षिका होत्या, माझ्यापेक्षा त्यांचाच आवाज खणखणीत.

"तुमचे रोखे बुडाले म्हणे, मॅडम?"

"माझे? माझे तर आधीच विकले ना यांनी! पूर्ण भावाने. मार्केटमध्ये अर्धीही किंमत कुणी देत नव्हतं, चार महिने यांना झोप नव्हती. मग एक दिवस दहाव्याहून आले, बाहेर पाय धुतले, आणि आत येऊन म्हणाले, तुझ्या रोख्यांना गिऱ्हाईक मिळालं."

"कुणाच्या दहाव्याहून?"

"ते काय मी विचारते? त्यांचं रोजचंच आहे."

"वायरमनच्या."

मेथीची काडी त्यांच्या हातातच राहिली. "ती... माझे ब्लाऊज शिवते ती?"

मी मान हलवली. मग त्यांनी मेथीचं ताट बाजूला सारलं. नवऱ्याने बायकोला सांगितलेलं कोर्टात पुरावा म्हणून टिकत नाही, हे मला ठाऊक होतं. बहुधा त्यांनाही असावं. त्या उठल्या आणि कपाटातून स्वतःचं पासबुक आणि डीमॅट खात्याचे कागद आणून माझ्यापुढे ठेवले. "हे माझे आहेत. हे तर चालतील?"

चालले. चांगले चालले. वायरमनच्या बायकोचे पैसे मॅनेजरच्या केंद्रातून कंपनीकडे गेलेच नव्हते, त्याच्याच घरात आले होते. 'कंपनीचे नवे रोखे' म्हणून तिच्या गळ्यात मारले ते त्याच्याच बायकोचे कुजलेले रोखे होते. आता मात्र ही दिवाणी बाब उरली नव्हती. ही सरळ सरळ फसवणूक होती.

बाजाराच्या दिवशी आम्ही तिच्या घरी पोचलो तेव्हा टेम्पो दारात उभा. कपाट चढवलं होतं, गाद्या चढवल्या होत्या, दीर दोरी आवळत होता. मशीन अजून ओट्यावर होतं आणि धाकटी मुलगी त्याला धरून बसली होती.

मी तिला सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. दहाव्याहून घरी गेला, पाय धुतले आणि काय म्हणाला, तेही सांगितलं.

"पाय धुतल्यावर लगीच?" तिने विचारलं.

"लगेच."

"म्हंजे पिंडापुढं हात जोडले तवाच त्याच्या मनात हुतं?"

"हो ताई."

मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. तिचा चेहरा असा लाल झाला की दीराने दोरी सोडली. "मालकांना फसवलं त्यानं," ती म्हणाली. "मला फसवलं ते मी सोसलं असतं. मेल्या मानसाला फसवलं, साहेब! भडवीचा!" आणि टेम्पोवाल्याकडे वळून ओरडली, "उतरव रं ते कपाट! मी कुठं जात न्हाई."

दीर म्हणाला, "अगं पन भाडं..."

"माझं मी बघीन. तुमी चहा घ्या आन् जावा."

त्याच दुपारी फिर्याद लिहून गुन्हा दाखल केला. ती उभी राहिल्यावर आणखी सहा-सात घरं पुढे आली. मॅनेजरला अटक करायला गेलो तर तो जवळच्याच एका गावी, नदीकाठी मांडवात, भाषण करणाऱ्यांच्या रांगेत माईकची वाट बघत उभा. हवालदारांनी हळूच विचारलं, "साहेब, भाषान हू द्यायचं का?"

"एक शब्द नाही."

आम्ही चपला काढून मांडवात गेलो आणि त्याला दंडाला धरून बाहेर आणलं. लोक आमच्यावरच खवळले. दहाव्यात पोलीस? काही लाज? पुढच्या रांगेत एक पांढऱ्या कपाळाची तरुण बाई बसली होती. तिला पुढे कधीतरी कळेल, एवढंच मनात म्हटलं.

कोठडीतही तो म्हणत होता, "साहेब, मी कुणाचा खिसा कापला नाही. त्यांनी विश्वास ठेवला." अरे, विश्वास ठेवला हाच त्यांचा गुन्हा काय? तपासात मी हात उचलणारा अधिकारी नव्हतो. त्या वाक्याला मात्र मला खुर्चीचे हात घट्ट धरावे लागले.

दोषारोपपत्र गेलं. मॅनेजरच्या बायकोने खात्यातली रक्कम कोर्टाच्या हुकमाने सोडून दिली, त्यामुळे वायरमनच्या बायकोला तिचे पैसे, उशिरा का होईना, मिळाले. ज्यांचे पैसे खरोखर कंपनीत गेले होते त्यांना काय मिळालं विचारू नका. कंपनीचे मालक मोठे वकील घेऊन मोठ्या शहरात बसलेत आणि आमच्याकडची माणसं तारखांना जाऊन एसटीचं भाडं तेवढं भरतात.

या केसने मला एक शिकवलं. लोभाने फसतात ती माणसं वेगळी, त्यांना मी नोकरीत भरपूर झापलं. आमच्याकडे त्याहून जास्त माणसं भिडेपोटी फसतात. दुःखात जो दारात आला त्याला कागद मागायचा कसा, असं वाटून गप्प बसतात. म्हणून आता मी कुठल्याही दहाव्याला गेलो की घरच्या बाईला बाजूला घेऊन सांगतो, वर्षभर कुठे सही करू नका, माझ्या सांगण्यावरूनसुद्धा नाही. लोकांना विचित्र वाटतं. वाटू दे.

बदली होण्याआधी मी एकदा तिच्याकडे गेलो होतो. मशीन चालू होतं, शेजारी दुसरं नवं मशीन आलं होतं. नुकतंच वर्षश्राद्ध होऊन गेलेलं.

"घास ठेवला का?" मी विचारलं.

"ठिवला की, पत्र्यावर. आन् मालकांना सांगितलं, दुसऱ्या कुनाच्या शब्दावर राहू नका. पैशाचं माझं मी बघते."

"मग कावळा आला?"

तिने दाताने दोरा तोडला. "आला असंल, साहेब. मी थांबले न्हाई बघायला. पोरीची फी भरायची हुती."