खडे माझ्याही पोटात

“चोरून खाल्लं असशील.”

पाहुण्यांसमोर बाई असं बोलल्या. मी ओटा धरून वाकलेली. उजव्या बरगडीखालून कळ उठून पार पाठीत गेलेली. पाहुणे हसले. एकीने माझ्या पोटाकडे बघून घेतलं.

चौलला त्यांच्या बंगल्यावर मी स्वयंपाकाला. बाई आधी माझ्याएवढ्याच जाड. मुंबईत वजनाचं ऑपरेशन केलं नि शेवग्याच्या शेंगेसारख्या झाल्या. जुने ड्रेस मला दिले. म्हणाल्या, तुलाच बसतील. तेच घालून मी त्यांना वाढायची नि आतून जळायची. पुढे साखर आटोक्यात येईना म्हणून धर्मादाय दवाखान्यात माझंही तेच ऑपरेशन झालं. पण साखर निमित्त. मला बाईंची कंबर पाहिजे होती.

वजन भराभर उतरलं. ते ड्रेस अंगावर लोंबायला लागले. बाईंना खुपायचं. मला मेलीला बरं वाटायचं.

घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलेलं, वजन असं झपाट्याने उतरलं की पित्ताशयात खडे होऊ शकतात. गोळ्या घे, तरी बरगडीखाली दुखलं तर लगेच ये. बाईंनाही त्यांच्या डॉक्टरांनी हेच सांगितलेलं. त्यांना मागे नुसती चमक आली, तर गाडी थेट मांडव्याला, तिथून बोटीने मुंबई. खडे सापडले. सगळं घर उशाशी. मी मऊ भात भरवत होते आणि मला त्यांच्या दुखण्याचासुद्धा हेवा वाटत होता. त्यांना कुणी चोर म्हणालं नाही.

माझी कळ मात्र येत-जात राहिली. शेजारीण म्हणाली, पित्त असेल, कोकमाचं आगळ पी. प्यायले. सुट्टी मागितली, तर बाई म्हणाल्या, पाहुणे जाऊ देत. आणि आता हे.

तव्यावर सुरमई अर्धी कच्ची. मी गॅस बंद केला.

“न्हाय बाई, चोरलं न्हाय. दुखतंय मला. मी चालले.”

“आणि जेवण?”

“तुमी बगा.”

एसटीने दवाखाना गाठला. सोनोग्राफीत खडे दिसले. एक पित्तनळीच्या तोंडाशी. डॉक्टर म्हणाले, अजून थांबली असतीस तर जिवावर बेतलं असतं. पित्ताशय काढायची तारीख लगेच मिळाली.

बाईंना फोन केला. म्हणाल्या, रजेचं बघू.

“रजा मागत न्हाय. सांगतेय.”

हेवा अजून गेलेला नाही. पण कंबरेचा नाही आता. दुखलं की कुणाला न विचारता उठून जाता येतं, त्याचा आहे. आणि तेवढं मी घेणारच.