शुक्रवारची पावलं

त्या शुक्रवारी घरात भरलेली बॅग उभी होती. रविवारी नवरा पुण्याला जाणार होता. 'थोडे दिवसच' असं दोघंही म्हणत होतो, पण त्याने डिग्रीची सर्टिफिकेटंसुद्धा बॅगेत भरली होती.

फोरबर्ग या डच गावात आम्ही आलो ते माझ्या नोकरीमुळे. व्हिसा माझा, घराचा करार माझ्या नावावर. तो माझा 'डिपेंडंट'. डच येत नाही म्हणून त्याला कुणी नोकरी देईना. दिवसभर तो घरात, मी बाहेर, आणि रात्री दोघं दोन भिंतींकडे तोंड करून झोपायचो. त्याला 'राहा' म्हणायची माझी छाती होत नव्हती. नाही म्हणाला तर?

खालच्या मजल्यावरच्या ज्यू आजींनी आम्हाला त्या संध्याकाळी जेवायला बोलावलं होतं. शुक्रवारी तिन्हीसांजेला देवाचं स्त्रीरूप, शेखिना, नवरीसारखी घरी येते, असं त्यांनी लिफ्टमध्ये सांगितलं होतं. एरवी ती आपल्या परागंदा लोकांबरोबर भटकते, देवापासून ताटातूट झालेली. शुक्रवारी दोघांची भेट होते. मला भरूनच आलं. ही तर आपली गौरच! नवरा 'तू जा' म्हणाला. मी एकटीच उतरले आणि बेल वाजवण्याआधी त्यांच्या दारात तांदळाच्या पिठाने लक्ष्मीची पावलं काढली, आत जाणारी.

आजींनी दार उघडलं, खाली पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"आम्ही तिचं चित्र काढत नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पाऊलसुद्धा नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी ओल्या फडक्याने फरशी पुसून काढली. स्वतःचं घर सांभाळता येईना आणि चालले दुसऱ्याच्या घरात देवी आणायला!

आतून आजींचे यजमान आले; त्या आजोबांनी मला बसवलं. सारवासारव करायची म्हणून मी अर्धनारीश्वराचं सांगू लागले: अर्धा शंकर, अर्धी पार्वती, एकच देह.

"त्यांना एकमेकांचं तोंड दिसतं का?" आजोबांनी विचारलं.

मी मानेनेच नाही म्हटलं. मग त्यांनी सांगितलं, त्यांच्या गूढविद्येत पहिला पुरुष आणि पहिली बाई पाठीला पाठ चिकटून जन्मले. समोरासमोर यावेत म्हणून देवाने त्यांना कापून वेगळं केलं. देवातल्या पुरुषरूपाचं आणि स्त्रीरूपाचंही तेच.

"पण वेगळं होऊन वळलंच नाही," ते म्हणाले, "तर नुसतं कापणंच उरतं."

मला रविवार आठवला. मी घटाघटा पाणी प्यायले.

प्रार्थनामंदिरापर्यंत आता चालवत नसल्याने आजोबा नवरीच्या स्वागताचं गाणं घरीच म्हणत. शेवटच्या कडव्याला दाराकडे वळून वाकायचं, असं आजींनी मला खुणेने सांगितलं. फरशी वाळावी म्हणून दार उघडंच होतं. आम्ही वळलो, वाकलो. मान वर केली तर उंबऱ्यात माझा नवरा, घरातल्या टी-शर्टमध्ये. तिघांना आपल्यापुढे वाकलेलं पाहून बिचारा पार गोंधळला.

"एकट्याला जेवण जाईना," तो मला म्हणाला.

आजी हसायला लागल्या. "या, आत या. तुमचीच वाट बघत होतो."

त्याने चपला बाहेर काढल्या आणि ओल्या फरशीवरून तो आत आला. लाकडी जमिनीवर त्याची पावलं उमटली, चांगली मोठाली. ती कुणी पुसली नाहीत.

तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. भीती होतीच, तरी मी म्हणाले, "जाऊ नकोस."

"एवढंच म्हणायचं होतं," तो म्हणाला, "तर मला बॅग कशाला भरू दिलीस?"