ओपन डेचं भाषांतर

आमच्या शाळेत वर्षातून तीनदा, शनिवारी, ओपन डे असायचा. त्या दिवशी तपासलेले पेपर मिळायचे. पालकांनी मुलाशेजारी बाकावर बसून ते बघायचे आणि आपला नंबर आला की टेबलाजवळ जाऊन मिसशी बोलायचं. शाळा इंग्रजी माध्यमाची होती आणि वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांच्या आया मराठी नाहीतर गुजराती शाळेत शिकलेल्या होत्या. त्यामुळे टेबलापाशी एक पद्धत आपोआप पडून गेली होती. मिस इंग्रजीत बोलायच्या, मूल ते आईला घरच्या भाषेत सांगायचं, आई काहीतरी म्हणायची आणि मूल त्याचं पुन्हा इंग्रजी करायचं. म्हणजे आपल्याविरुद्धची तक्रार आपणच सांगायची. यात काही विचित्र आहे असं तेव्हा कोणालाच वाटत नव्हतं.

काटछाट सगळेच करायचे. माझ्या बाकावरच्या मुलीने ‘गणितात अजिबात लक्ष नाही’ याचं ‘गणित अवघड आहे म्हणतात’ असं केलेलं मी ऐकलं होतं.

माझी तक्रार एकच होती, आणि सहावीपासून तीच होती. मी वर्गात बोलत नसे. हजेरीला ‘प्रेझेंट मिस’ एवढंच. प्रश्न विचारला की मी उभी राहायचे आणि मिस कंटाळून बस म्हणेपर्यंत उभी असायचे. उत्तर येत नसे असं नाही. कारण काय, ते आजही मला नीट सांगता येत नाही आणि इथे ते शोधायचा विचारही नाही. लेखी परीक्षेत मला चांगले गुण मिळत, तोंडी परीक्षेत वीसपैकी चार किंवा पाच.

इंग्रजी शिकवणाऱ्या मिस केरळच्या होत्या. त्यांना हिंदी कळायचं, पण बोलायची वेळ आली की त्या चाचरायच्या आणि पुन्हा इंग्रजीवर यायच्या. सहावीतल्या पहिल्या ओपन डेला त्या आईकडे बघून बराच वेळ बोलल्या. ही मुलगी तोंड उघडत नाही, असंच चाललं तर पुढे तिचं कठीण होईल, तुम्ही घरी लक्ष घाला. आईने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “शांत आहे म्हणतात. अभ्यास चांगला आहे.”

यातला एकही शब्द खोटा नव्हता, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

सातवीत त्यांनी एकदा मान पुढे करून हळू आवाजात विचारलं होतं, घरी काही त्रास आहे का? मी आईला विचारलं, “घरी सगळे बरे आहेत ना, विचारतायत.” आई एकदम खुलली. “हो हो! सगळे मजेत!” हे इंग्रजीत करायची गरजच पडली नाही. मिस आईकडे नुसत्या बघत राहिल्या.

ओपन डे झाला की शाळेच्या गल्लीच्या तोंडाशी जवळच्या निर्मळ गावाहून भाजी आणि फुलं घेऊन येणारी एक बाई बसलेली असायची, तिच्याकडून आई मला काहीतरी घ्यायची. हंगाम असला तर सुकेळी, म्हणजे पानात बांधलेली वाळवलेली केळी. नसला तर साधी वेलची केळी. “पोरीचा अभ्यास चांगला आहे म्हणे,” असं ती त्या बाईला दर वेळी सांगायची. मी दोन पावलं मागे उभी असायचे. सुकेळी मला खूप आवडायची.

बाबा सकाळी सातला मुंबईला निघायचे आणि शनिवारीही त्यांना ऑफिस असायचं. त्यामुळे शाळेचं सगळं आईकडेच होतं.

मी आठवीत असताना, दिवाळी झाल्यावर, आमच्या तळमजल्यावरच्या काकूंनी बायकांसाठी इंग्रजीचा क्लास सुरू केला. वसईच्या एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये दुपारी अडीच ते साडेतीन ही बायकांची मोकळी वेळ होती. भांडी झालेली, मुलं जेवलेली, संध्याकाळचा पाण्याचा टँकर अजून यायचा असायचा. काकू पूर्वी कुठल्यातरी ऑफिसात टायपिस्ट होत्या. त्यांची शिकवायची रीत ठरलेली होती: पंधरवड्याला एक काळ, आणि त्या काळात प्रत्येकीने आपल्या घरातली पाच खरी वाक्यं सांगायची. पुस्तकातली चालायची नाहीत. “राम आंबा खातो मला नको,” त्या म्हणायच्या, “तुमच्या घरात कोण काय खातं ते सांगा.” त्यामुळे काकूंच्या खिडकीखालून जाताना बिल्डिंगमधल्या सगळ्या बातम्या इंग्रजीत ऐकू यायच्या, आणि मधूनच हसणं.

आईने पहिल्याच दिवशी नाव घातलं. माझ्या सातवीच्या ग्रामरच्या पुस्तकाला तिने वर्तमानपत्राचं नवं कव्हर घातलं.

“तुला कशाला ते?” मी विचारलं.

“ओपन डेला मिस बोलतात ते मला डायरेक्ट कळलं पाहिजे,” ती म्हणाली. “दर वेळी तुला मध्ये घालायचं म्हणजे… तुझंच कौतुक तूच सांगायचं. तुला पण कसंतरी वाटत असेल.”

पुस्तकात काळ एकूण बारा होते. पुढचा ओपन डे फेब्रुवारीत होता. मी आठवडे मोजले.

जानेवारीत काकू मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेल्या. क्लास प्रेझेंट परफेक्टपर्यंत आला होता आणि पुढचा धडा प्रेझेंट परफेक्ट कंटिन्युअसचा होता. “हा तू शिकव,” आई म्हणाली. तिने मेथीची जुडी पुढ्यात घेतली, पुस्तक गुडघ्याला टेकवून उभं केलं आणि मला समोर बसवलं.

हा काळ मला पक्का येत होता. मिसनी तो शिकवताना फळ्यावर एक ठिपका काढला होता, तिथून एक रेघ ओढत आणली होती आणि रेघ न संपवताच खडू उचलला होता. ते मला आवडलं होतं. मी वहीत तशीच रेघ काढून आईला दाखवली. “इथे सुरू झालं. इथपर्यंत आलं. अजून चालूच आहे.”

“म्हणजे घरकाम,” आई म्हणाली.

“हो.”

“मग सोपं आहे की.” तिने मेथीची पानं खुडता खुडता वाक्यं बनवायला घेतली. टँकरची आम्ही सकाळपासून वाट बघतोय. वरच्या मजल्यावरची मुलगी दोन महिन्यांपासून एकच गाणं पेटीवर वाजवतेय. तुझे बाबा लग्न झाल्यापासून टॉवेल पलंगावरच टाकतायत. मी इंग्रजी सांगायचे, अगदी हळू, जवळजवळ पुटपुटत, आणि ती ते मोठ्याने म्हणायची. सगळ्यात तिला आवडलेलं वाक्य साधं होतं. वी हॅव बीन लिव्हिंग इन वसई फॉर सिक्स इयर्स. ते ती कणीक मळताना म्हणायची, दोरीवर कपडे टाकताना म्हणायची.

“आता तुझं एक सांग,” ती एकदा म्हणाली.

“मला येतं.”

“येतं ते माहितेय गं. सांग.”

मी तोंडाने न सांगता वहीत एक वाक्य लिहून दाखवलं. तिने ते वाचलं, मग माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा मेथीकडे वळली.

एक गोष्ट मी मुद्दाम केली. त्या धड्याच्या दुसऱ्या पानावर नकाराची वाक्यं होती, अमुक इतके दिवस होत नाहीये अशा अर्थाची. ‘हे पान सध्या नको, कोणी एवढं बोलत नाही,’ असं सांगून मी पुढचा धडा काढला. आईने विश्वास ठेवला.

ओपन डेच्या दिवशी तिने कडक इस्त्रीची मोरपंखी साडी नेसली. फाटकातून आत शिरताना मला म्हणाली, “आज तू मध्ये बोलायचं नाहीस. मला जमलं नाही तर मी विचारीन.”

आमचा नंबर आला. मिस पेपरांचा गठ्ठा चाळत होत्या. त्यांनी मान वर करायच्या आत आईने सुरुवात केली, “गुड मॉर्निंग मिस. वी हॅव बीन लिव्हिंग इन वसई फॉर सिक्स इयर्स.”

मिसनी चष्म्यावरून बघितलं. मग त्यांचा चेहरा सैल झाला. इतकी वर्षं न दिसलेलं काहीतरी त्यांना दिसलं असावं: ही बाई इंग्रजी जाणते. त्यांनी पेपर बाजूला ठेवले, खुर्ची पुढे ओढली आणि बोलायला लागल्या. मुलाला सांगायला वेळ मिळावा म्हणून एरवी त्या वाक्यावाक्याला थांबायच्या. आज थांबल्या नाहीत. सहावीत काय झालं, सातवीत काय झालं, आपण किती वेळा सांगितलं, तोंडी परीक्षेत आपण हिला पुढच्या बाकावर बसवून एकटीला विचारून पाहिलं, प्रिन्सिपलशीही बोललो. त्या चिडलेल्या नव्हत्या. हे सगळं कोणालातरी एकदा सांगायचं राहून गेलं होतं, तसं त्या बोलत होत्या.

“येस मिस,” आई म्हणत होती. “येस मिस.” दुसऱ्या वाक्यालाच तिचा धागा सुटला होता, ते मला दिसत होतं. तिचा अंगठा पर्सच्या बटणावर होता आणि ती ते उघडत होती, मिटत होती. चेहऱ्यावरचं हसू तिने तसंच धरून ठेवलं होतं.

मिस थांबल्या. तुमचं काय म्हणणं आहे, असं त्यांनी विचारलं.

आईने माझ्याकडे मान वळवली. “मला नाही गं कळलं,” ती हळूच म्हणाली. “काय म्हणाल्या?”

तीन महिने ज्याची मला धास्ती होती, ते टळलं होतं. ‘शांत आहे म्हणतात’ हे वाक्य तयार होतं, ते म्हणायला काहीच लागत नव्हतं. मागे बाकांवर चार-पाच पालक नंबराची वाट बघत होते. आईच्या पर्सचं बटण उघडंच राहिलं होतं आणि आत वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं ग्रामरचं पुस्तक दिसत होतं. ते तिने बरोबर आणलं होतं.

मला त्या वेळी काय वाटलं ते मी लिहू शकणार नाही. मी काय म्हटलं ते आठवतं.

मी म्हटलं, “मी वर्गात बोलत नाही म्हणतायत. एक शब्दही नाही. तीन वर्षं झाली. त्यांनी तुला दर वेळी सांगितलं. मी तुला सांगितलं नाही.”

आईने मिसकडे बघितलं, मग टेबलाकडे. “सॉरी मिस,” ती म्हणाली. ते कशाबद्दल होतं ते मिसना कळलं की नाही कोण जाणे. त्यांनी मान हलवली आणि पुढचा नंबर पुकारला.

शाळेच्या भिंतीच्या कडेने आम्ही गल्लीच्या तोंडाकडे चाललो.

“सहावीपासून?” आईने विचारलं.

“हो.”

“आणि ते ‘घरी सगळे बरे आहेत ना’ विचारलं होतं, ते?”

“ते तसं नव्हतं विचारलं.”

“मग कसं?”

मी सांगितलं. ती रस्त्यातच उभी राहिली. एक रिक्षावाला हॉर्न वाजवत आमच्या बाजूने गेला.

“आणि मी म्हटलं, सगळे मजेत,” ती म्हणाली. “त्या बिचारीला वाटलं असेल, काय बाई आहे ही, लाज ना लज्जा.” तिचे खांदे हलले. ती हसतेय की काय ते मला कळेना, कारण तिने पदर तोंडावर धरला होता.

गल्लीच्या तोंडाशी निर्मळची बाई बसली होती. टोपलीत सुकेळीचे पुडे होते. मला वाटलं, आज आपण पुढे जाणार. आई तिथे थांबली, पण टोपलीपासून लांब, रस्त्याकडे तोंड करून.

“जा, घे,” ती म्हणाली.

मी टोपलीसमोर जाऊन उभी राहिले. बाईने माझ्याकडे बघितलं, मग माझ्यामागे आईकडे. मी काहीतरी म्हटलं.

“काय गो? नाय ऐकू आला.”

“सुकेळी,” मी म्हटलं. “एक पुडा द्या.”

“आज आईस मुकी झाली काय तुझी?” बाई मोठ्याने म्हणाली आणि स्वतःच हसली. “एरवी ती बोलते नि तू उभी खांबासारखी.”

आईने मान वळवली नाही. मला उत्तर देणं भाग होतं. “ती दमली आहे,” मी म्हटलं.

“आनि अभ्यास?”

“अभ्यास चांगला आहे,” मी म्हटलं. “बोलत नाही, एवढंच.”

“आता तर बोलली की,” ती म्हणाली आणि पुडा माझ्या हातात ठेवून मेथीवर पाणी मारायला लागली.

घरी आल्यावर आईने साडी बदलली, पुस्तक पर्समधून काढून फळीवर ठेवलं आणि टँकर आला म्हणून बादल्या घेऊन खाली गेली. त्या दिवशी तिने मला आणखी काही विचारलं नाही. पुढे काकू परत आल्यावर ती पुन्हा क्लासला जायला लागली, आणि सोडलेलं पान तिने तिथेच शिकून घेतलं.

संध्याकाळी बाबा आले. हातपाय धुऊन ताटावर बसले आणि दर ओपन डेला विचारायचे तसं त्यांनी विचारलं, “काय म्हणाल्या मिस?”

आई तव्यावरची पोळी उलटत होती.

“शांत आहे म्हणाल्या,” ती पोळीकडे बघत म्हणाली. “अभ्यास चांगला आहे.” मग तिने सुकेळीचा पुडा त्यांच्या ताटाजवळ सरकवला. “हे घ्या. आज हिने स्वतः मागून आणलीत.”