मागे न बघता दहा पावलं

जुन्या बाजारात आवडलेली वस्तू सांगितल्या भावाला घ्यायची नाही, हे मला माझ्या थोरल्या जावेने शिकवलं. मानाने ती मोठी, पण आमच्यात अहो-जाहो कधी नव्हतं. वैशाखऱ्याहून जीपने मुरबाडला उतरलो की आम्ही दोघी थेट बाजाराच्या टोकाला जायचो. तिथे ताडपत्रीवर जुनी भांडी, कुलपं, घड्याळं, बिनझाकणाचे डबे मांडलेले असायचे. सुकट-मिरची नंतर.

कामं वाटून घेतलेली होती. ती वस्तू हातात घेऊन कौतुकाने बघायची आणि मी नावं ठेवायची. चांगल्या पितळी बंबालाही मी अशी काही बोलायची की विकणारा ओशाळून जायचा. मग तिचा हात धरून चालू लागायचं. दहा पावलं, मागे न बघता. सहाव्या-सातव्या पावलाला हाक यायचीच. आमचा खलबत्ता, कंदील, दोन लोखंडी खुर्च्या, सगळं असंच घरात आलं. घरात माझ्या जिभेला सगळे वैतागलेले, पण बाजारात तिचं चीज व्हायचं. मला त्याचा फार गर्व होता.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर तिथे हाताने फिरवायचं शिवणाचं मशीन आलं होतं. जाऊ त्याच्यापुढे बसलीच. हँडल फिरवलं, कान लावून ऐकलं, सुई खाली-वर करून पाहिली. माहेरी ती गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवायची. लग्नानंतर लावणी-कापणीत ते राहून गेलं. हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी त्या क्षणी डोक्यात आलं नाही.

"गंजलंय," मी सुरू केलं. "हँडल किती जड आहे बघ. चल गो."

ती उठली. चालताना तिचा हात माझ्या हातात मागे ओढत होता. मला वाटलं, आज काय झकास सोंग करतेय. दहा पावलं झाली, हाक आली नाही. सुकट घेऊन परत गेलो तर मशीन कुणीतरी नेलं होतं. याहून चांगलं मिळेल, मी म्हटलं. ती बरं म्हणाली. परतीच्या जीपमध्ये पिशवी मांडीवर घेऊन ती बाहेर बघत बसली होती, आणि मी मात्र घरापर्यंत बडबडत होते.

गेल्या वर्षी तिने अंथरूण धरलं. पोटाचं दुखणं होतं, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. एका दुपारी तिच्या उशाशी बसून मी फाटकी गोधडी शिवत होते. माझे वेडेवाकडे टाके ती बराच वेळ बघत होती.

"ते मशीन मला खरंच पायजे होतं गो."

"मग बोलली का नाय?"

"तू येवढी रंगात आलेलीस. मी थांबले असते तर तुझा शब्द पडला असता."

मला स्वतःच्या तोंडाची शिसारी आली. पुढे मुरबाडचा एकही बाजार मी सोडला नाही. शेवटी शहापूरच्या बाजारात एक सापडलं, तसंच काळं. मी भाव विचारला आणि तेवढे पैसे दिले. विकणारा माझ्याकडे बघतच राहिला.

घरी आणून मशीन तिच्या खाटेवर, हाताशी ठेवलं. तिने हँडल धरलं.

"जड हाय गो," ती म्हणाली. "देऊन ये परत."

आता हिने माझं काम उचललं म्हणून मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने हसले. माझ्याशी कसला भाव करतेस, असंही म्हटलं. ती हसली नाही. तेव्हा माझी नजर तिच्या हातावर गेली. मनगटाच्या शिरा ताणल्या होत्या, कपाळावर घाम आला होता. ती सगळं बळ लावून ढकलत होती आणि हँडल जागचं हलत नव्हतं.

तिचा डोळा लागल्यावर मी ते एका बोटाने फिरवून पाहिलं. सहज फिरलं.