मिस्त्रींचा पगार

मिस्त्रींना शब्द उकलायचा नाद होता. जुन्या खुर्चीचा सांधा ते न फोडता सोडवायचे, तसाच शब्द. चाळिशीत त्यांनी रद्दीतल्या पुस्तकावरून ग्रीक अक्षरं गिरवली, तीही सुतारी पेन्सिलीनं, प्लायच्या तुकड्यांवर. बायको म्हणायची, "लाकूड संपलं वाटतं, आता डोकं तासताहेत."

या खुळाला साथ मिळाली शाळेतल्या मास्तरांची. बावीस वर्षं दर रविवारी बैठक मास्तरांच्या घरी. मिस्त्री शब्दांची मुळं शोधून कार्डांवर लिहायचे, मास्तर शुद्धलेखन तपासायचे. तुरुंग लॅटिनमधला निघाला आणि सुरुंग ग्रीकमधला, मूळ अर्थ भुयार. "एकानं कोंडायचं, दुसऱ्यानं पळवाट काढायची!" मिस्त्री म्हणाले. पगाराचं मूळ सापडलं तेव्हा तर हसून हसून पुरेवाट झाली, कारण लॅटिनमध्ये त्याचा अर्थ होता शांत करणं, गप्प करणं.

मास्तर आणि मिस्त्री हे शब्दही एकाच मुळाचे निघाले. मास्तरांनी पाठीवर थाप मारली, "आपण सख्खे भाऊ की हो!" मिस्त्रींनी ते खरं मानलं. या कार्डांचं पुस्तक काढायचं आणि त्यावर दोघांची नावं येणार, हे ठरलेलंच होतं.

पुस्तक निघालं ते लेकीनं दुकानातून आणलं, तेव्हा कळलं. वर एकट्या मास्तरांचं नाव. आभारात शेवटी एक ओळ: 'कार्डांसाठी सुबक कपाट करून देणाऱ्या आमच्या मिस्त्रींचे आभार.'

मिस्त्रींच्या अंगाची लाही लाही झाली. केसानं गळा कापला होता, आणि तोही भाऊ म्हणवणाऱ्यानं. ते तसेच मास्तरांकडे गेले.

मास्तर चाचरले. "अहो, प्रकाशक म्हणाला, सुताराचं नाव बघून कोण विश्वास ठेवणार? बरं, आलाच आहात तर कार्डांच्या कपाटाचा तो तिसरा खण बघता का? अडकतो."

सवय वाईट. मिस्त्रींनी खण बाहेर काढला, कडांना मेणबत्ती घासली. आत बावीस वर्षांचे रविवार होते, सगळे त्यांच्याच जाड पेन्सिलीतले. खण सुरळीत सरकला.

मास्तरांनी घाईघाईनं पाकीट पुढे केलं. "घ्या हो. तुमचा पगार समजा."

मिस्त्रींनी पाकिटाला हात लावला नाही. खणातून एक कार्ड शोधून काढलं आणि मास्तरांच्या हातात दिलं.

"मूळ अर्थ वाचा, मास्तर," ते म्हणाले. "मोठ्यानं."